मस्टर संपते, काम संपत नाही



एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. आठवडाभर आपण मस्टरवर माती खोदली, पगार घेतला, मुकादम दुसऱ्या कामावर गेला. त्या मातीची आपली जबाबदारी तिथेच संपली काय?

आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल रोजगार हमीच्या कामावर पेटली आहे. वि. स. पागे यांच्या खटपटीतून ही योजना आली आणि १९७२ च्या दुष्काळात तिने लाखो माणसे जगवली. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम! ही भीक नव्हे, हक्क होता. ज्यांना कामासाठी वाड्यापुढे हात जोडून उभे राहावे लागे, त्यांना या हक्काचे मोल सांगायला नको.

२००३ च्या दुष्काळात माझी आई गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाच्या कामावर होती. शाळेला सुट्टी असली की मी तिच्या पाट्या उचलू लागे. खोदलेल्या चौकडीच्या मधोमध मोजमापासाठी मातीचा उंचवटा तसाच ठेवत. किती खोदले ते त्यावरून मोजत. पाणी किती मुरले, हे मोजायला मात्र पुढे कोणी आले नाही.

पाझर तलाव पाणी साठवतो ते मुरवण्यासाठी. ते जमिनीखालून सरकते आणि खालच्या विहिरींना उतरते. पण माथ्यावरची माती अडवली नाही तर गाळ येऊन तळ लिंपल्यासारखा होतो व पाझर बंद पडतो. सांडवा ढासळला तर जादा पाणी मातीच्या बांधावरून जाते आणि बांध फुटतो. आमच्याकडे हेच घडले. कागदावर काम पूर्ण झाले होते. एका पावसात खालच्या रानांची माती वाहून गेली.

मी हळहळलो तेव्हा आई म्हणाली, "तळ्याचं पाणी कुणाच्या विहिरीला गेलं रे? आपल्याला विहीर हाय का?"

बंधूंनो, हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याने जमिनीची काळजी का वाहावी? आणि ज्याने आराखडा केला नाही, जागा निवडली नाही, त्याला दोष तरी कसा द्यावा? जबाबदारी अधिकाराच्या आणि माहितीच्या प्रमाणात असते. पाटी वाहणारीवर सर्वांत कमी, कागदावर सही करणाऱ्यावर सर्वांत जास्त.

पण कमी म्हणजे शून्य नव्हे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी कम्माचा संबंध जगाच्या नैतिक व्यवस्थेशी जोडला. ती व्यवस्था देव चालवत नाही; माणसांच्या कुशल-अकुशल कर्मांवर ती उभी असते. मग कर्म आठवड्याचे असले तरी त्याचे फळ वीस वर्षांचे असू शकते, आणि ते भोगणारा कर्ता नसून शेजारी असू शकतो. मजुरी मिळाल्याने हे नाते तुटत नाही.

शिवाय आईच्या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. खालची विहीर आटली की बागाईतदाराचे पीक बुडते, पण खुरपणीचा रोज पहिल्यांदा आपला बुडतो. मग कोयता घेऊन ऊसतोडीला कोण जाते? आपणच! तळे दुसऱ्याचे नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपण पाण्याचा हक्क बजावला. ज्या पाण्यावर हक्क, त्या पाण्याची विचारपूस करण्याचाही हक्क आहेच.

मी आज मास्तर आहे. माझ्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो. १९७५ च्या कायद्याने हा कर रोजगार हमीच्या खर्चासाठीच लावला गेला. म्हणजे काल पाटी आमची होती, आज पैसाही आमचा आहे. मी गप्प बसलो तर माझा दोष आईपेक्षा मोठा.

म्हणून ग्रामसभेत उभे राहा. नवे काम मंजूर होताना विचारा : माथ्यावर माती अडवली का? सांडव्याची डागडुजी कोण करणार? गाळ काढण्याची मजुरी याच कामात धरली आहे का? या कामांतही आपलीच रोजी आहे. मस्टरवर आपले नाव असते. बांधावर आपले नाव नसते. तरी तो बांध आपलाच आहे.

जयभीम!