आपली किंमत कोणी ठरवायची?

माझा मावसभाऊ, आमचा दादा, नेटवर्क इंजिनिअरच्या जागेसाठी चेन्नईला मुलाखतीला गेला होता. डीएनएसचा पोर्ट कोणता, असे पहिले प्रश्न सोपे होते. मग विचारले, "बीजीपी हाताळले आहे का?" दादा म्हणाला, "सराव केला आहे, पण खऱ्या नेटवर्कवर नाही." समोरच्यांनी मोबाईलवरून नजरही न उचलता म्हटले, "मग आमचा वेळ कशाला घेतलात?" मुलाखत तिथेच संपली. बाहेर दुसऱ्या एका उमेदवाराने सल्ला दिला, "दोन वर्षांचा अनुभव लिहून टाक. सगळे तेच करतात."

आम्ही घरची मंडळी तेव्हा तंजावर पाहायला गेलो होतो. दादा तिथे येऊन आम्हाला मिळाला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिरुवैयारुला गेलो. कावेरीच्या काठी संत त्यागराजांची (१७६७–१८४७) समाधी आहे. परंपरा सांगते, की तंजावरच्या सरफोजी महाराजांचे दरबारात येण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले. धन सुखाचे की रामाचे सान्निध्य, असे विचारणारी त्यांची कल्याणी रागातली कृती या प्रसंगाशी जोडली जाते. संतापलेल्या थोरल्या भावाने त्यांच्या पूजेतल्या राममूर्ती कावेरीत टाकल्या, असेही सांगतात.

दादा म्हणाला, "त्यांना राम पुरेसा होता. मला शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरायचा आहे."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. संतांचे उदाहरण देऊन कोणाचे पोट भरत नाही. पण त्यागराजही दारोदार भजन गात उंछवृत्तीने तांदूळ मिळवत. त्यांनी अन्नाला तुच्छ मानले नाही. आपली किंमत ठरवण्याचा अधिकार मात्र दरबाराला दिला नाही. नोकरी मागण्यात कमीपणा नाही. मुलाखत घेणारा आपले कौशल्य तोलू शकतो, तो त्याचा अधिकारच आहे. खोटे बोलायचे की नाही, हे मात्र तो ठरवू शकत नाही. तो निर्णय आपलाच.

मी वाणिज्य शाखेची, म्हणून बीजीपी म्हणजे काय ते दादालाच विचारले. इंटरनेटवरची मोठी नेटवर्क एकमेकांना सांगतात, की अमुक पत्त्याकडे जाणारी वाट माझ्याकडे आहे, आणि शेजारी त्यावर बहुतेक वेळा विश्वास ठेवतात. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानातल्या एका नेटवर्कने यूट्यूबची वाट आपल्याकडे असल्याचे जाहीर केले. जगभरातली वाहतूक तिकडे वळली आणि सुमारे दोन तास यूट्यूब बहुतेकांना उघडेना.

हे सांगता सांगता दादाच थांबला. मग हसून म्हणाला, "नसलेली वाट आहे म्हणून सांगितली, की असे होते."

त्याने अर्जात अनुभव वाढवला नाही. नोकरी अजून मिळालेली नाही आणि हप्ता चुकत नाही. मावशी काळजीत आहे. तरी "मला माहीत नाही" म्हणताना आता त्याची मान खाली जात नाही.

उद्या आपल्यापैकी कोणी टेबलाच्या पलीकडे बसेल. समोर कोणी खरे बोलले, तर निदान मोबाईल बाजूला ठेवून त्याच्याकडे पाहूया.