पाच वाव पाणी

कफ परेडच्या मच्छीमार नगरात दोर मोजायला टेप शोधावी लागत नाही. दोन्ही हात फाकले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत एक वाव. अशीच एक मोजणी पाहत उभा असलेला तरुण म्हणाला, "सरळ मीटर वापरा ना. फोनवर आकडा टाकला की झालं!"

झालं?

गणित सोपंच आहे. वाव म्हणजे इंग्रजी फॅदम, सहा फूट, १.८२८८ मीटर. हात पसरून मोजायची चाल जगभरची. फ्रेंचांची ब्रास आणि पोर्तुगिजांची ब्रासा ही नावंही बाहूवरूनच आली. पण जुनी ब्रास सुमारे १.६२ मीटरची, तर ब्रासा २.२ मीटरची. माणसांच्या हातांत एवढा फरक नसतो. तो प्रमाण ठरवणाऱ्या राजवटींनी पाडला. कोळ्याच्या दोराला हातचं माप पुरतं, कारण दोर त्याचा आणि हातही त्याचेच. कायद्याला ते पुरत नाही. इथवर तरुणाचं म्हणणं मान्य.

मात्र खोली आणि अंतर या दोन गोष्टी वेगळ्या, आणि कुठलाही फोन एकीचं दुसरीत रूपांतर करून देत नाही. गोव्यात ट्रॉलरबंदीची रेघ किनाऱ्यापासून पाच किलोमीटरवर आहे. महाराष्ट्रात १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली ही बंदी खोलीवर ठरली: भागाप्रमाणे पाच किंवा दहा वाव. तळ सावकाश उतरत गेला तर ही रेघ दूर जाते, झपकन उतरला तर किनाऱ्याजवळ येते. उथळ पाण्यावर जगणाऱ्या लहान होडीवाल्याला हेच माप न्यायाचं वाटतं. मासळी किलोमीटर पाहून थोडीच राहते?

तर मग वावच बरी, असं म्हणावं, तोच भरती आडवी येते. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत साडेचार मीटरचाही फरक पडतो. म्हणजे जवळजवळ अडीच वाव. भरतीला पाच वाव पाण्यात उभी असलेली बोट जागची न हलता ओहोटीला अडीच वावांत येते. मीटर लिहिले तरी हा घोळ सुटत नाही. सागरी नकाशांनी तो केव्हाच सोडवला आहे: त्यांवरची खोली अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते.

बंदरावर सूचना लावणाऱ्यांनी 'पाच वाव' या शब्दांशेजारी ९.१४ मीटर जरूर लिहावं. पण हे पाणी भरतीचं की ओहोटीचं, ते त्याआधी लिहावं.