अनासक्ती, अधिकारी आणि ग्रामसभा

शासकीय अधिकाऱ्याने समोर आलेल्याकडे माणूस म्हणून पाहावे की केवळ एक प्रकरण म्हणून, हा प्रश्न वरवर प्रशासनाचा वाटला तरी मुळात नीतिशास्त्राचा आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी नोकरशाहीचे, म्हणजे लेखी नियम, ठरलेली अधिकारकक्षा आणि वरिष्ठ-कनिष्ठांची उतरंड यांवर चालणाऱ्या कारभाराचे, मर्म व्यक्तिनिरपेक्षतेत पाहिले. रागलोभ न धरता, कोण उभे आहे याचा विचार न करता नियम लावावा, असा तिचा अर्थ. तिचे मोल कमी लेखू नये. ज्या समाजात जात, ओळख आणि वशिला यांवर कामे होत आली, तेथे भूमिहीनाचा आणि सावकाराचा अर्ज एकाच क्रमाने निकालात निघणे ही मोठीच नैतिक मिळकत होय.

गीतेतील अनासक्त कर्म याच्या जवळचे वाटते. परंतु फळाची आसक्ती सोडणे आणि फळाची फिकीर सोडणे यांत अंतर आहे. तिसऱ्या अध्यायात जनकादिकांचा दाखला देऊन लोकसंग्रह, म्हणजे लोकांचे धारण व त्यांना सन्मार्गाला लावणे, हे ज्ञानी पुरुषाच्याही कर्माचे प्रयोजन सांगितले आहे, आणि लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यावर विशेष भर दिला. तेव्हा शेरा मारून फाईल वर पाठवणाऱ्या, पण विधवेचे निवृत्तिवेतन सुरू झाले की नाही हे न पाहणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःचे फळ सोडलेले नसते, दुसऱ्याचे टाकून दिलेले असते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने या उदासीनतेला लगाम घातला : अधिसूचित सेवेसाठी मुदत ठरली, नकाराचे कारण लेखी देणे आले, अपिलाची वाट खुली झाली आणि कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्ती ठेवली गेली. तरीही येथे नागरिक अर्जदारच राहतो.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव याच्या पुढे गेले. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात आणि गावकऱ्यांच्या अभ्यासगटात विषयाची आधी चिकित्सा होते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकडाहून वेगळे वनोत्पादन, ठरवले असूनही खाते त्याला लाकूडच मानत होते. गावाने हा मुद्दा सोडला नाही, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. वेबर यांनी अधिकाऱ्याला लावलेली कसोटी त्या दिवसापासून ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकाला लागू झाली, कारण भावाच्या आणि भांडलेल्या शेजाऱ्याच्या बांबूला एकच नियम लावणे आता त्यांचेच काम होते.