दुपारच्या सुटीतली कविता

जळगावात, धुळ्यात कवितेचे कार्यक्रम चांगले होतात. पण बहुधा संध्याकाळी होतात. सातचा कार्यक्रम दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार आटोपून आठनंतर रंगू लागतो. त्या वेळी दालमिलमध्ये दिवसभर राबलेली बाई गावाकडची शेवटची एसटी धरायच्या घाईत असते. पत्रिकेवर ‘प्रवेश विनामूल्य’ असं छापलेलं असतं, तरी तिला प्रवेश नसतोच. तिला कोणी अडवलेलं नसतं. तिची वेळच कोणी विचारलेली नसते.

म्हणून कवितावाचन भर दुपारी, उघड्यावर, वाद्यांच्या साथीनं आणि विनातिकीट व्हावं, असं मला मनापासून वाटतं. कष्टकऱ्याच्या दिवसात त्याची स्वतःची म्हणावी अशी वेळ ती एवढीच, जेवणाच्या सुटीची.

खान्देशाला यात परकं काही नाही. आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर हात चालत होते आणि गाणी सुचत होती. घरच्यांनी ती टिपून ठेवली. 1951 मध्ये त्या गेल्या. सोपानदेवांनी आईची गाणी आचार्य अत्र्यांपुढे ठेवली आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, त्याचा अभिमानही आहे. पण तशी एखादी बाई आज आपल्यात असेल, तर ती आपल्या संध्याकाळच्या मैफलीला पोचू शकेल का? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

‘अशा श्रोत्यांना जरा हलकंफुलकं द्या,’ असा सल्ला हमखास मिळतो. तो मला अपमानाचा वाटतो. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा कैद्यांपुढे दर रविवारी गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजींनी ती प्रवचनं उतरून घेतली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. विनोबांनी भाषा सोपी ठेवली, विचार पातळ केला नाही. दमलेल्या माणसाला खोल कविता पेलत नाही, हे कोणी ठरवलं?

साथीला आपले वहीगायक असावेत. डफाच्या तालावर वही गाणारी मंडळी आपल्याकडे आहेत, फक्त त्यांना बोलावताना मानधनाचा विषय शेवटी निघतो, कधी निघतच नाही. ऐकणाऱ्याला फुकट मिळावं हे खरं. पण त्याचा भार डफ वाजवणाऱ्यावर पडू नये. नारळ-शालीच्या खर्चातून तेवढं सहज निघेल. मानधन कार्यक्रमाआधी त्याच्या हातात पडावं.

आपल्या उन्हाळ्यात दुपारी कोणाला उघड्यावर बसवणं म्हणजे छळच. मात्र थंडीत, भरिताच्या दिवसांत, कळण्याच्या भाकरीबरोबर शेताशेतात पंगती बसतात, तेव्हाची दुपार सुखाची असते. बाजार समितीच्या आवारात किंवा एमआयडीसीच्या फाटकाजवळ एखादा कडुनिंब बघावा आणि अर्धा तास कविता वाचावी. व्यासपीठ नको, राखीव खुर्च्या नकोत. डबा खात खात ऐकायची मोकळीक हवी. ऐकणाऱ्यांपैकी कोणा बाईला आपली ओवी म्हणावीशी वाटली, तर कवीनं आपली पुढची कविता मागे ठेवावी आणि माइक तिच्याकडे द्यावा.