अकरा महिन्यांची भीती

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटचा करार ऑगस्टअखेर संपायचा होता, पण एजंटचा फोन जूनमध्येच आला. "काका, मार्केट पंचवीसला गेलंय. तुम्ही अजून बावीसवरच!" त्याच्या सुरात काळजी होती, जणू माझ्या खिशाला भोक पडलंय आणि ते मला सोडून सगळ्यांना दिसतंय.

रात्री पाकिटाच्या मागे हिशोब मांडला. नवीन भाडेकरू आणायचा तर घर दीड महिना रिकामं राहणार, म्हणजे ३३ हजार गेले. रंगरंगोटी आणि नळ-बिळ मिळून ४० हजार. एजंटचे एका महिन्याचे २५ हजार. एकूण ९८ हजार. आणि महिन्याला ३ हजार जास्त मिळाले तर वर्षाचे ३६ हजार. खर्च भरून यायलाच पावणेतीन वर्षं! तोपर्यंत तो नवा माणूस टिकला तर. एजंटच्या 'मार्केट'मध्ये रिकामा महिना कधी मोजलेला नसतो. त्याची दलाली दर बदलागणिक सुरू होते, माझं भाडं मात्र दर बदलात थांबतं.

मुळात हा धंदा म्हणावा असा धंदाही नाही. ८० लाखांच्या घराला बावीस हजार म्हणजे वर्षाला ३.३ टक्के. त्यातून मेंटेनन्स जातो. सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते (सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, पण ते बिलात तपासावं लागतं). शिवाय पुण्यात राहत्या घराला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत घर भाड्याने दिलं की जाते. हातात उरतं ते बँकेच्या ठेवीपेक्षा कमीच. घराची किंमत वाढेल, या आशेवर आम्ही बाकीचं सोडून देतो. तरीही त्या पाकिटावर मी जे लिहिलं नाही, तेच माझ्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी होतं: घरात आलेला भाडेकरू गेलाच नाही तर?

ही भीती मला कुठून आली ते मला नेमकं माहीत आहे. आमच्या आजोबांकडून. ते गिरगावातल्या चाळीत पागडीच्या खोलीत राहायचे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी साधारण १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली होती. मालकाचा मुनीम जिन्यात दिसला की आजोबा मुद्दाम मोठ्याने खोकायचे. पुढे मालकाने पावती द्यायचं बंद केलं, तेव्हा आजोबा भाडं मनीऑर्डरने पाठवू लागले आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलेले फॉर्म ट्रंकेत जपून ठेवू लागले. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली, तर भाडं द्यायला आपण तयार होतो याचा तोच पुरावा. गॅलरीचा टेकू मोडला तेव्हा मालकाने ढुंकूनही पाहिलं नाही. आजोबा त्याला शिव्या घालायचे. त्या भाड्यात टेकूचं एक लाकूडही आलं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

चाळीतल्या घरात आम्ही न्यायाच्या बाजूला होतो. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी त्या मुनिमाच्या जागी आहे, आणि मला धास्ती आहे ती माझ्याच आजोबांची.

धास्तीला इतिहासाचा आधार आहेच. लोकांनी भाडेकरूऐवजी 'परवानाधारक' ठेवायला सुरुवात केली होती, पण १ फेब्रुवारी १९७३ रोजी घरात असलेल्या अशा कितीतरी जणांना कायद्याने एका फटक्यात भाडेकरूचं संरक्षण दिलं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी ठरवली आणि ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला. आता मुदत संपूनही परवानाधारक घर सोडत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट शुल्क मागता येतं. अट एकच, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. तो तसा नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं मानलं जातं आणि शिक्षा मालकाला होते.

गंमत अकरा महिन्यांची. वर्षाहून लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून अकरा. महाराष्ट्रात आता अकरालाही नोंदणी लागते, म्हणजे पळवाट बुजली, पण पळायची सवय राहिली. दर अकरा महिन्यांनी आपण पुन्हा दलाली देतो, पुन्हा अंगठे देतो, आणि समोरच्या माणसाला पुन्हा सांगतो की तुझा भरवसा नाही.

ज्यांना एवढाही धोका नको, ते सरळ कुलूप लावतात. आमच्याच मजल्यावर समोरचा फ्लॅट सहा वर्षं बंद आहे. मालक दिवाळीला येऊन पणती लावून जातो. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी निघाली आणि महाराष्ट्र त्यात सगळ्यांत पुढे होता. त्या प्रत्येक कुलपामागे भीतीच असेल असं नाही. पण समोरच्या कुलपाचं मला माहीत आहे, मालकाने स्वतःच सांगितलंय.

आमची भाडेकरू एका रुग्णालयात परिचारिका आहे, आईला घेऊन राहते. चार वर्षांपूर्वी सोसायटीच्या सेक्रेटरींनी "फॅमिलीच बघा हो" असं सुचवलं होतं. आई आणि मुलगी ही फॅमिली नाही का, असं विचारल्यावर ते पार्किंगबद्दल बोलू लागले. या चार वर्षांत तिने भाडं कधी पाच तारखेच्या पुढे नेलं नाही. बाथरूमची गळती वरच्या मजल्यावरून आहे, हे तिनेच प्लंबर उभा करून शोधून काढलं. याचा आकडा पाकिटावर कुठे टाकायचा?

जुलैत तिला घरी बोलावलं. पाच टक्के वाढ सांगितली, २३ हजार शंभर. ती हो म्हणाली आणि जरा थांबून म्हणाली, "काका, छत्तीस महिने करता येईल का? आईला सारखं सामान बांधायची धास्ती वाटते."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आत, आजोबांच्या ट्रंकेवर आता आमचा इन्व्हर्टर ठेवलेला आहे.

ऑगस्टमध्ये एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. मुदतीचा रकाना पाहून थबकला. "चोवीस? काका, सगळे अकराच करतात." छत्तीसपर्यंत माझी मजल गेली नव्हती. तिच्या आईचा अंगठा पहिल्याच झटक्यात घेतला, साक्षीदार म्हणून. माझा मात्र यंत्र घेईना. तीन वेळा पुसून दाबावा लागला.