न आलेला ताप

आमच्या संगमेश्वर तालुक्यात लावणीच्या दिवसांत पोटऱ्या न दुखणारा माणूस शोधून सापडायचा नाही. सकाळी चिखलात उतरायचं ते दिवेलागणीला वर यायचं. डोक्यावर इरलं, पुढे पुढे प्लॅस्टिकचा कागद, आणि पाय गुडघ्यापर्यंत गढूळ पाण्यात. रात्री माणसं पायांना खोबरेल चोळून झोपायची. ताप आला तर ‘भिजलाय, येणारच’ म्हणून काढा प्यायची. त्यातले काही ताप लेप्टोचे असतीलही, पण ते नाव तेव्हा वाडीत कुणी ऐकलेलं नव्हतं. उंदराच्या, गुराच्या मुतातून जंतू चिखलपाण्यात येतात आणि पायाच्या भेगेतून अंगात शिरतात. ताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्या ठणकतात. म्हणजे लावणीच्या दुखण्यासारखंच सगळं दुखतं, आणि तिथंच माणूस फसतो. वेळेत औषध पडलं नाही तर यकृत नि मूत्रपिंडावर जातं. २००५ च्या जुलैत मुंबई बुडाली, तिच्यामागून ह्या तापाने माणसं गेली, तेव्हा चाकरमान्यांच्या तोंडून हे नाव आमच्यापर्यंत आलं.

आता लावणीच्या सुमारास आशाताई घाटी चढून वाडीवर येतात. पिशवीत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या असतात. शेतात राबणाऱ्याने आठवड्यातून एकदा घ्यायच्या, त्याही जेवून, नाहीतर मळमळतं. गरोदर बाईला आणि लहान पोरांना मात्र ही गोळी द्यायची नसते. म्हणजे घरातल्या सुनेला दिवस गेलेत का, हे आशाताईंना कधीकधी सासूच्या आधी कळावं लागतं, आणि तेही ओटीवर बसलेल्या चार माणसांपुढे न विचारता. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात देव जाणे.

शेजारच्या काकींनी एकदा गोळी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि विचारलं, “मना काय झालंच नाय, तर गोली कशाला गो बाय?”

“काय होऊ नये म्हनून, काकी.”

“मंग नाय झाला तर तो तुझ्या गोलीनं नाय झाला, ह्या कसा कलायचा?”

सगळे हसले. मला मात्र हा प्रश्न पुढे कितीतरी दिवस पुरला. डॉक्टरांनी बरा केलेला माणूस बरा झाल्यावर नारळ, पडवळ, जे घरात असेल ते घेऊन दवाखान्यात जातो. त्याला ठाऊक असतं, आपण मरत होतो आणि ह्यांनी वाचवलं. पण जो आजारीच पडला नाही त्याने कुणाकडे नारळ न्यावा? शंभर जणांनी गोळ्या घेतल्या आणि त्यातले दोघे वाचले असं धरलं, तरी ते दोघे कोण हे आशाताईंनाही सांगता येणार नाही, त्या दोघांनाही नाही. वाचलेला माणूस इथं आकड्यात असतो, वाडीत नसतो.

गंमत अशी की दुसऱ्या टोकालाही हेच आहे. २२ जुलै २०२१ ला शेजारचं चिपळूण पाण्याखाली गेलं. शास्त्री-सोनवीचं पाणी संगमेश्वरच्या बाजारपेठेत शिरणं हेही आम्हांला नवं नाही. पूर पूर्वीही येत. पण हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते, आणि मग पाऊस पडतो तो ओतल्यासारखा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली दाखवलं की मध्य भारतातल्या दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या. तरीसुद्धा अमक्या शेतात साचलेलं पाणी तमक्याच्या धुराने आलं, असं कुणाला दाखवता येत नाही. सरासरी अमेरिकन माणसामागे वर्षाला साधारण १४ टन कर्बवायू हवेत जातो, सरासरी भारतीयामागे २ टनांच्या आसपास. चुलीवर भात शिजवणाऱ्या काकींचा त्यातला वाटा किती, ते मोजायलाही लाज वाटावी. बिघडवणारा गर्दीत लपतो आणि वाचवणारी गर्दीत हरवते. दोघांनाही चेहरा नाही. फरक एवढाच की पहिल्याची त्यात सोय आहे आणि दुसरीच्या पदरचं त्यात जातं.

इथं कुणीतरी हमखास निष्काम कर्म काढतो. फळाची आशा न धरता काम करणं हाच तर धर्म, मग श्रेय कशाला मोजायचं? माझं म्हणणं असं की निष्कामता ही ज्याची त्याने घ्यायची असते, दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची नसते. आशा योजना २००५ पासूनची, साधारण हजार लोकवस्तीमागे एक बाई. कागदावर ती ‘स्वयंसेविका’, म्हणून तिला पगार नाही, ‘मोबदला’. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा सन्मान केला, आणि २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा वाढीव मोबदल्याचा लेखी आदेश मिळावा म्हणून आझाद मैदानात बसल्या होत्या. त्यावर ‘सेवा करणाऱ्याने पैसे मागू नयेत’ असं म्हणणारे मी आमच्या पारावरही ऐकले आहेत. त्यांच्यापैकी एकानेही आपलं काजूचं बी निष्काम भावाने विकलेलं मला आठवत नाही.

आणि काम तरी सरळ कुठं असतं? आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि मे महिन्यात डोंगरावरच्या वाड्यांना टँकर. टँकर आला की बायका पिंप, हंडे, कळश्या, मुलांच्या अंघोळीची बादलीसुद्धा भरून ठेवतात. डेंग्यूचा डास नेमका अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा, सगळी भांडी रिकामी करून घासायची. नियम बरोबर आहे. पण जिने अर्धा मैल चढणीवरून डोक्यावर पाणी आणलंय, तिला ‘ओत’ म्हणायचं कुठल्या तोंडाने? ओतू नको म्हणावं तर पुढच्या पंधरवड्यात पोर तापाने फणफणेल, आणि ओत म्हणावं तर आजच पोराला पाणी नाही.

गेल्या मे महिन्यात एका घरी हेच झालं. टँकर येऊन पाच दिवस झालेले, पिंप अर्धं, आणि पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. घरातली बाई पिंपापुढे आडवी उभी राहिली. आशाताईंनी वाद घातला नाही. जुनं सुती लुगडं मागून घेतलं, चार पदरी केलं, दोघींनी हंड्याहंड्याने पाणी गाळलं, अळ्यांचं फडकं तापल्या अंगणात नेऊन झटकलं, पिंप काथ्याने खसखसून घासलं आणि तेच पाणी परत भरून तोंडाला दादरा बांधला. पाऊण तास गेला. वहीत त्या घरापुढे त्यांनी ‘भेट दिली’ एवढंच लिहिलं, कारण तिथं लिहायला तेवढीच जागा होती, आणि पुढच्या घराकडे निघाल्या.