पगार घेणाऱ्यांचे आभार

‘पगार घेतात ना? मग आभार कसले मानायचे?’ हे वाक्य आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे चहाच्या टपरीवर ऐकू येते, तहसील कचेरीबाहेर ऐकू येते, आणि खोटे कशाला बोला, उपासना आटोपल्यावर मंडळीच्या आवारातही ऐकू येते. बोलणारा मनुष्य वाईट नसतो. त्याने सरकारी दवाखान्याच्या रांगेत सकाळ घालविलेली असते, खसऱ्याच्या नकलेसाठी पटवाऱ्याकडे चार खेपा घातलेल्या असतात. त्याच्या बोलण्यात अनुभवाचा कडवटपणा असतो आणि एक युक्तिवादही असतो. कडवटपणा आपण समजू शकतो. युक्तिवाद मात्र तपासून पाहिला पाहिजे.

तो असा : कामाबद्दल मोबदला ठरला, तो मिळाला, व्यवहार संपला. ठरल्यापेक्षा अधिक कोणी केले तर त्याचे आभार. ठरले तेवढेच केले त्याचे कशाला?

अशा माणसाला पवित्र शास्त्रातही आधार सापडतो. लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना विचारतो की, शेतातून नांगरून आलेल्या चाकराचे धनी आभार मानतो काय? आणि पुढे शिकवितो की, सांगितलेले सर्व काम करून झाल्यावरही आपण कर्तव्यापलीकडे काही केलेले नाही, असेच तुम्ही म्हणावे. येथे पुस्तक मिटले तर टपरीवरचा मनुष्य जिंकला. परंतु पुस्तक मिटू नये. त्याच अध्यायात, लगेच पुढे, दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही शुद्ध झाले, आणि आभार मानण्यास एकटा परत आला, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभू विचारतो. त्या नऊ जणांनी कोणता गुन्हा केला होता? याजकाकडे जाऊन स्वतःस दाखवा असे त्यांना सांगण्यात आले होते, आणि ते तेच करीत होते. नियमात बसणारे होते ते. तरीही त्यांची चौकशी झाली.

या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवल्या आहेत ते उगाच नव्हे, असे आम्हांस वाटते. ‘मी कर्तव्यच केले’ हे वाक्य चाकराच्या तोंडी शोभते. ज्याला त्या चाकरीचा लाभ झाला त्याने ते उचलून स्वतःच्या तोंडी घेतले की त्याच वाक्याचा अर्थ उलटतो. डॉक्टरांनी म्हणावे, ‘अहो, हे आमचे कामच आहे.’ आपण त्यांना म्हणू नये, ‘हे तुमचे कामच आहे.’ पगार सरकारी खजिन्यातून गेला, तो त्यांचा आणि खजिन्याचा हिशेब. ज्याचा ताप उतरला त्याच्याकडून काय गेले?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात भरणाऱ्या गोटमार मेळ्याविषयी बाहेरगावच्या वाचकांनीही वर्तमानपत्रांतून वाचले असेल. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि ते झाड हस्तगत करण्यासाठी दिवसभर दोन्हीकडून दगड चालतात. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक पुन्हा दगडांवर आले. दरसाल शेकडो जखमी होतात, कित्येकांचे प्राणही गेले आहेत. मेळ्याविषयी आमचे मत अनुकूल नाही, पण तो आजचा विषय नव्हे. आजचा विषय आहे दवाखान्याचा तंबू. तेथे सरकारी डॉक्टर, सिस्टर, ड्रेसर आणि रुग्णवाहिकेचे चालक ड्यूटीवर असतात. फुटलेले डोके आले की रक्त पुसायचे, जखम धुवायची, टाके घालायचे, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे, दुखापत भारी असली तर नागपूरकडे रवाना करायचे. पांढुर्ण्याच्या डोक्याला आणि सावरगावच्या डोक्याला दोरा एकच. पट्टी बांधून झाली की पुन्हा नदीकडे धाव घेणारे महाभागही असतात.

ज्याने आपल्या हौसेने डोके फोडून घेतले त्याला टाके घालताना ‘तुला तिकडे कोणी बोलावले होते?’ हा प्रश्न गिळून टाकणे, आणि हात हलका ठेवणे, हे पगारपत्रकाच्या कोणत्या रकान्यात बसते? पगाराने माणसाची वेळ विकत घेता येते, हजेरी विकत घेता येते. हाताचा हलकेपणा घेता येत नाही. तो सर्वांजवळ असतो असे आम्ही म्हणणार नाही. वाचकांस तसा अनुभव नाही हे आम्हांस ठाऊक आहे.

तरी तंबूतल्या सिस्टर निदान डोळ्यांसमोर असतात. याहून अवघड प्रकार दुसरा आहे. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे ठाणे. थंडीच्या दिवसांत रूळ आकसतो आणि कधी कधी तडकतो, म्हणून गँगमन रात्री बत्ती घेऊन रुळाच्या कडेने पायी गस्त घालतो. त्याला तडा सापडला आणि गाडी थांबली तर डब्यातले लोक गाडी उशिरा आली म्हणून कुरकुर करतात. तडा नसलाच तर गाडी आपली धडधडत निघून जाते. दोन्ही प्रकारांत आभाराला जागाच उरत नाही, कारण जे टळले ते कोणी पाहिलेले नसते.

या प्रश्नाचे खरे वजन आपल्या भागाला २०२५ साली कळले. ऑगस्ट-सप्टेंबरपासून छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषेकरून परासिया भागात, लहान मुले साध्या सर्दी-तापाने आजारी पडून काही दिवसांत त्यांची लघवी बंद होऊ लागली, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. पुष्कळांना नागपूरला हलविण्यात आले. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांत आमच्या पांढुर्णा जिल्ह्यातलेही एक मूल होते. (२०२३ पर्यंत पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाडा जिल्ह्यातच होती, जिल्हा वेगळा झाला तरी नातीगोती वेगळी झालेली नाहीत.) संशय कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या पातळ औषधावर गेला. ते तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातल्या एका कारखान्यात तयार झाले होते.

मध्य प्रदेशाकडून तमिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्यास कळविण्यात आले तो दिवस १ ऑक्टोबर. खंडेनवमी, तिकडची आयुधपूजा. दुसऱ्या दिवशी दसरा आणि गांधी जयंती. सरकारी कचेऱ्यांना सुट्टी. आपल्याकडे अशा दिवशी चौकीदाराखेरीज कोणी भेटेल अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. परंतु त्या खात्याचे निरीक्षक त्याच दिवशी कारखान्यात गेले, नमुने घेतले, आणि चेन्नईच्या सरकारी प्रयोगशाळेने सुट्टीत काम करून चोवीस तासांत अहवाल दिला. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के होते. हा कारखान्यांत वापरला जाणारा द्रव असून तो मूत्रपिंडांचा घात करतो. औषधात तो ०.१ टक्क्याच्या वर असता कामा नये. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशात त्या औषधाच्या विक्रीवर बंदी आली.

आता विचार करावा. सुट्टी संपल्यावर, नेहमीच्या सरकारी चालीने, तो अहवाल आठ-दहा दिवसांनी आला असता तर? तोपर्यंत आणखी किती बाटल्या दुकानांतून घरांत गेल्या असत्या, हे कोणालाच सांगता येणार नाही. कोणते मूल वाचले हेही सांगता येत नाही. त्याच्या आईलाही ते ठाऊक नाही. तिच्या मुलाला खोकला झाला, औषध दुसरे मिळाले, खोकला बरा झाला. तिने आभार कोणाचे मानावेत, आणि कशाबद्दल?

ज्या घरातले मूल गेले त्या घराने कोणाचे आभार मानावेत, असे मात्र आम्ही चुकूनही म्हणत नाही. त्या घराला जाब विचारण्याचा अधिकार आहे, आणि आपण त्यांच्या बाजूस उभे राहिले पाहिजे. या प्रकरणात मध्य प्रदेशात औषध खात्याचे अधिकारी निलंबित झाले, आणि तमिळनाडूतही झाले, कारण त्या कारखान्याची तपासणी आधीच व्हावयास हवी होती. एकाच राज्याच्या एकाच खात्यात कारखान्याची वेळेवर तपासणी न करणारेही होते आणि दसऱ्याच्या दिवशी प्रयोगशाळेत उभे राहणारेही होते. ‘सरकारी लोक’ असे म्हणून दोघांना एका पोत्यात भरले की पहिल्याला लपावयास जागा मिळते आणि दुसरा विनाकारण भरडला जातो. जो आभार मानण्यासाठी माणसे नीट निवडतो, त्यालाच जाबही नीट विचारता येतो.

हे विष नवे नव्हे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये मिसळलेल्या याच द्रवाने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. त्याही आधी १९३७ साली अमेरिकेत एका औषधात हे मिसळले गेले व शंभराहून अधिक माणसे मेली. त्या वेळी शिकागो विद्यापीठात झालेल्या संशोधनात फ्रान्सिस केल्सी नावाची एक विद्यार्थिनी काम करीत होती. १९६० मध्ये ती अमेरिकेच्या औषध प्रशासनात नोकरीस लागली आणि थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध तिच्या टेबलावर आले. पुरावा अपुरा आहे म्हणून तिने परवानगी अडवून धरली. कंपनीने पुनःपुन्हा तगादा लावला, ती हलली नाही. पुढे युरोपात त्या औषधामुळे हजारो बालके अपुऱ्या हातापायांची जन्मली, तेव्हा अमेरिकेला आपण कशातून वाचलो ते समजले, आणि १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी तिला पदक दिले. युरोपातील ती बालके डोळ्यांपुढे आली नसती तर केल्सीबाई जन्मभर फाइल अडविणारी हट्टी बाई म्हणूनच ओळखल्या गेल्या असत्या. काम तेच, चिकाटी तीच.

आभार मानण्याचे जे प्रकार आपल्याकडे रूढ आहेत त्यांतले दोन तरी टाळलेले बरे. पहिला चहापाण्याचा. बाळंतपण झाले की ‘खुशीने काहीतरी द्या’ असे म्हणणारे असतात, आणि ‘अहो, खुशीनेच देतोय’ म्हणून नोट पुढे करणारे आपणही असतो. आज खुशीने दिलेले शंभर रुपये उद्या त्या खाटेवर येणाऱ्या मजूर बाईला दर म्हणून मागितले जातात. आपल्या आनंदाची किंमत तिने का भरावी?

दुसरा प्रकार थाळीचा. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता देशभर लोकांनी टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. त्यामागची भावना खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. महामारीच्या त्या दिवसांत घरोघर फिरलेल्या आशाताईंना मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही गौरविले. परंतु ‘पगार घेतात ना?’ हा प्रश्न येथे मुळातच चुकतो. आशाताईंना पगार नाही. सरकारी कागदात त्या स्वयंसेविका आहेत. त्यांना मानधन आणि कामागणिक प्रोत्साहनाची रक्कम मिळते, आणि ती वाढावी म्हणून त्यांना राज्याराज्यांत रस्त्यावर उतरावे लागले आहे. जेथे देणे बाकी आहे तेथे थाळी वाजवून भागत नाही. ज्यांना आपण ‘ताई’ म्हणतो त्यांच्या मागणीच्या अर्जावर सही करणे, हेही आभार मानणेच आहे.

मग करावे तरी काय? आम्हांस सुचते ते साधे आहे. मध्य प्रदेशात तक्रारीसाठी १८१ हा क्रमांक शाळकरी मुलांनाही पाठ असतो. तक्रार नोंदली जाते, वरून खाली येते, फाइलला लागते. परंतु एखाद्या सिस्टरने रात्रभर जागून आपल्या वडिलांना सांभाळले, तर ते फाइलला कोण लावतो? आपण घरी तिची तारीफ करतो आणि विसरतो. दहा वर्षांच्या नोकरीनंतर तिच्या फाइलमध्ये तक्रारी तेवढ्या सापडतात. म्हणून पत्र लिहावे, आणि ते तिच्या वरिष्ठांना लिहावे. ‘आपल्या दवाखान्याची सेवा उत्तम आहे’ अशी मोघम स्तुती नको. नाव, तारीख, पाळी, आणि काय केले ते. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय संडेस्कूलमध्ये सहसा वगळला जातो, कारण त्यात नावेच नावे आहेत. पण पौलाने कोणी कोणासाठी काय सोसले ते नावानिशी लिहून ठेवले. त्याच यादीत सलाम पाठविणाऱ्यांमध्ये एरास्त आहे, नगराचा खजिनदार, म्हणजे सरकारी नोकरच.

पत्र हिंदीत लिहावे लागेल, कारण कचेरी हिंदीत चालते. फारसे अडणार नाही. ‘आभार’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे.

आणि संडेस्कूलच्या शिक्षकांस एक सुचवावेसे वाटते. चेन्नईच्या त्या प्रयोगशाळेत दसऱ्याच्या दिवशी कोण कामावर होते त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. १९४० च्या औषध कायद्यात त्यांचा हुद्दा मात्र आहे : शासकीय विश्लेषक. एका रविवारी वर्गातल्या मुलांनी मिळून त्या हुद्द्याच्या नावे पत्र लिहावे. मराठी तेथे कोण वाचणार, असे एखादे मूल विचारीलच. शिक्षकांनी खाली इंग्रजीत दोन ओळी लिहून द्याव्यात, आणि मागच्या बाजूस प्रत्येक मुलाने आपले नाव व वय लिहावे.